पावसात काळी पडलेली ज्वारी इथेनॉलला का जाऊ नये?

दर्यापूरचा कास्तकार :
मंडळी, यंदा तीन एकरांत ज्वारी होती. सप्टेंबरात कणसं अशी भरली की येणारे-जाणारे धुऱ्यावर थांबून पाहायचे. सोंगणी तोंडावर आली आणि आठ दिवस झड लागली. नंतर कणीस तळहातावर चोळलं तर बोटांना काळी भुकटी लागायची. बाजार समितीत अडत्यानं मूठभर दाणे उचलले, नाकाशी नेले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाला, "काळी आहे, कोंबडीच्या खाद्याला जाईल." भाव क्विंटलला १,७५० रुपये. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आहे, पण असला माल खरेदी केंद्रावर पास होत नाही.

इथेनॉलच्या कारखान्याला दाण्याचा रंग नको, पिष्ट (स्टार्च) हवं. ज्वारी दळतात, शिजवतात, एन्झाइमनं पिष्टाची साखर करतात, यीस्ट घालून आंबवतात आणि मग अर्क काढतात. चांगल्या ज्वारीच्या एका क्विंटलातून ३८ ते ४० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे मक्याएवढंच. अमेरिकेत कॅन्ससची ज्वारी इथेनॉलला जातेच. आपल्या २०१८ च्या जैवइंधन धोरणातही माणसाच्या खाण्यालायक न राहिलेलं धान्य वापरायची मुभा आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी पिकाला चालत नाही. उसाचं नावच नको. ज्वारी मात्र पावसाच्या पाण्यावर येते. तिच्या काळ्या मालाला सरकारनं दर आणि गिऱ्हाईक दोन्ही ठरवून द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिशेबाची वही :
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण आकडे मांडून पाहा. २०२३-२४ च्या हंगामात तेल कंपन्यांनी खराब धान्याच्या इथेनॉलला लिटरमागं ६४ रुपये दिले, मक्याच्या इथेनॉलला ७१.८६. आता ३८ लिटर गुणिले ६४ करा, २,४३२ होतात. वर उरलेल्या चोथ्याची तीसेक किलो पेंड निघते, तिचे थोडे पैसे. यातूनच वाफेचं इंधन, एन्झाइम, वीज, मजुरी, गाडीभाडं आणि बँकेचं व्याज भागवायचं. शिवाय बुरशीनं दाण्यातलं पिष्ट आधीच खाल्लेलं असतं, त्यामुळं ३८ लिटरही निघत नाहीत.

मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव २,४०० आहे. कारखानदार मका सोडून ३,६९९ ची ज्वारी का घेईल? त्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं गेलं. आज कारखान्यांची इथेनॉल काढायची क्षमता जास्त आहे आणि तेल कंपन्यांची मागणी कमी. म्हणून इथेनॉलसाठी ज्वारी पेरा असं कोणी सांगत आलं तर त्याच्या नादी लागू नका.

दर्यापूरचा कास्तकार :
पेरा असं मी म्हणतच नाही. हमीभावही मागत नाही. १,७५० चे २,१०० झाले तर माझ्या २४ क्विंटलचे ८,४०० रुपये वाढतात. तेवढ्यात पुढच्या पेरणीचं बियाणं आणि खताच्या दोन-चार पिशव्या येतात. कारखानदाराला ही रक्कम क्षुल्लक असेल, माझ्या घरात ती क्षुल्लक नाही.

तेल्हाऱ्याची ताई :
भाऊ, आज काळी ज्वारी म्हणाल, उद्या पांढरीही त्याच गाडीत जाईल. २००७ साली राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाची योजना आणली. तेव्हाही पावसानं काळ्या पडलेल्या ज्वारीचंच नाव पुढं होतं. गडचिरोलीत दारूबंदीसाठी झटणाऱ्या डॉ. अभय बंगांनी त्याला विरोध केला होता आणि तो मला आजही पटतो.

आणि कडब्याचं काय? ज्वारी फक्त दाण्यासाठी कोणी पेरत नाही. आमच्याकडं बैलजोडी आणि एक म्हैस आहे. उन्हाळ्यात कडबा शेकड्यानं विकत घ्यायची वेळ आली की घरात वाद होतात. कारखान्याचं गिऱ्हाईक पक्कं झालं की बुटके, यंत्रानं कापायचे वाण येतील. दाणा गाडीत जाईल, धांडे वावरातच मोडून पडतील आणि आम्ही गुरांसमोर सोयाबीनचं कुटार टाकत बसू. माझ्या सासूबाई अजून रोज ज्वारीचीच भाकर खातात, गव्हाची पोळी त्यांना पचत नाही. पाच वर्षांपासून त्यांची ज्वारी आम्ही दुकानातून आणतो. वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरात दुकानाची ज्वारी! मला तरी हे फार लागतं.

मूर्तिजापूरचा भाऊ :
राजेहो, इथेनॉल राहू द्या, मले एक सांगा, ज्वारी पेरते कोण? आमच्या शिवारात दोनच जण उरले. काहून? रात्री डुकरं, दिवसा पाखरं. सारं शिवार ज्वारीचं होतं तवा पाखरं वाटून खायची, आता सारी माह्याच वावरात उतरतात. गोफण घेऊन मचाणावर बसाले पोरगं तयार नाही अन् सोंगणीले मजूर भेटत नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत घरी येते, हार्वेस्टरनं निघते. पहिले डुकराचा बंदोबस्त करा, मंग कारखान्याचं बोला.

गोठ्याचा डॉक्टर, अकोला :
एक गोष्ट कोणी बोललं नाही. मी पशुवैद्य आहे, म्हणून लिहितो. बुरशीचं विष अर्कात जात नाही, पण नाहीसंही होत नाही. पिष्टाचं इथेनॉल झालं की दाण्याच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा पेंड म्हणून मागं राहतो आणि सगळं विष त्यात एकवटतं. म्हणजे काळ्या ज्वारीत जेवढं होतं त्याच्या साधारण तिप्पट. ही पेंड कोंबड्यांना आणि दुभत्या जनावरांना जाते. विषाची तपासणी केल्याशिवाय काळी ज्वारी कारखान्यात घेणं मला मुळीच मान्य नाही.

दुसरं तुमच्या खिशाचं. मक्याच्या आणि तांदळाच्या इथेनॉलमधून निघालेली ही पेंड स्वस्त मिळते म्हणून खाद्यवाले सोयाबीनची ढेप कमी घेतात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना बाजारात त्याच्या खाली विकावं लागतं, त्याचं एक कारण हेही आहे. इथेनॉलला पाठिंबा देताना आपल्याच वावरातलं सोयाबीन विसरू नका.

दर्यापूरचा कास्तकार :
डॉक्टरसाहेब, माझं सात एकर सोयाबीन आहे, त्यामुळं तुमचा दुसरा मुद्दा थेट माझ्या अंगावर आला. रात्री बराच वेळ विचार केला. विषाचंही पटलं. अशा मालाची पेंड गुरांना न देता कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळावी किंवा खतात जावी, भले दर कमी मिळो. पण ताई, एक सांगतो. हा काळा माल आजही कोंबडीच्या खाद्यालाच जातो आणि तिथं घेताना कोणी काही तपासताना मला दिसलं नाही. तो तसाच जाऊ द्यायचा का?

तेल्हाऱ्याची ताई :
नाही, तेही चूक आहे. पण मग ज्वारी काळीच पडू नये यावर जोर लावू या ना.

खालचं वावर :
ताईंच्या मुद्द्यावरच. दाणा पक्व झाला की त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसतो. त्यानंतर दाण्यात काही भरत नाही, फक्त तो वाळतो. ठिपका दिसला की कणसं खुडून छपराखाली वाळवावी, झडीची वाट पाहू नये. दोन वर्षं मी हेच केलं आणि निम्म्याहून जास्त माल पांढरा राहिला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बुरशी सहन करणाऱ्या वाणांचीही चौकशी करा. ज्यांच्याकडं गोडं पाणी आहे ते आता उन्हाळी ज्वारी घेतात. तिला झड लागत नाही, दाणा मोत्यासारखा येतो.

दर्यापूरचा कास्तकार :
गोडं पाणी आमच्या नशिबात नाही. ठिपक्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं, पुढच्या हंगामात करून पाहतो. अडचण छपराची आहे. तीन एकरांची कणसं झडीत पसरायला माझा गोठा पुरणार नाही. गावासाठी वाळवणीचं एक पत्र्याचं शेड मिळावं म्हणून ग्रामसभेत अर्ज देतोय.

२४ पैकी ९ क्विंटल अजून घरी आहे. उद्या पत्र्याखाली पसरून चाळणी मारतो. पांढरी निघेल ती घरच्या भाकरीला ठेवतो. उरलेलीसाठी, खराब धान्य घेणारा कारखाना कोणाच्या माहितीत असेल तर नमुन्याला किती किलो लागते तेवढं इथं लिहा. डॉक्टरसाहेब, विषाच्या तपासणीसाठी नमुना कुठं द्यायचा, तेही सांगा.