मदत हवी आहे: ही गिटार एपिफोन कंपनीची डॉट आहे की कसिनो? तिघं तीन सांगूलालेत

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा, आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नं, गणपती, जत्रा असलं वाजवतो. बेळगावात कॅम्पात एकजण गोव्याला शिफ्ट होऊलालाय, त्याच्याकडं एक जुनी चेरी रंगाची सेमी हॉलो (अर्धी पोकळ) गिटार आहे, तीस हजार सांगूलालाय. हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाला) एपिफोन एवढंच वाचता येतंय, आतलं लेबल ओलीनं पार गेलंय. मालक म्हणतो कसिनो, बीटल्सवाले वाजवायचे ती. त्याचा भाऊ म्हणतो शेरेटन. एका दुकानदाराला फोटो पाठवला तर तो म्हणतो गिब्सन कंपनीची थ्री थर्टी फाईव्हच आहे, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून कसं घ्यायचं ओ, पैसे माझे जाणार. मिरजेच्या एका तंबोरेवाल्याला पण फोटो दाखवला, तो हसून म्हणाला ह्याला भोपळा कुठाय, आमचं काम न्हाई हे.

मी बघितलं ते असं, तारा खाली ट्रॅपीझ टेलपीसला (बॉडीच्या टोकाला अडकवलेली धातूची पट्टी) अडकवल्यात, पिकप (तारांचा आवाज पकडतात ते) दोन, हंबकर म्हणजे जोड गुंडाळीचे, मानेवर साधे गोल ठिपके. मोबाईलची बॅटरी एफ होलमध्ये (वरच्या f आकाराच्या भोकात) मारली तर मधोमध लाकडाचा ठोकळा दिसला. आणि ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागं दोन गोल डाग आहेत, पॉलिश जरा वेगळं, नख फिरवलं की कड लागते. हे काय असावं? आणि स्टेजवर मॉनिटरजवळ (आपल्याकडं तोंड केलेल्या स्पीकरजवळ) उभं राहिलं तर शिट्टी (फीडबॅक) मारंल काय?

निपाणीकर: ओ खानापूरकर, कसिनो न्हवे ती. कसिनो आतून पूर्ण पोकळ, ठोकळा नसतोच, पिकप पी-९० (एकेरी गुंडाळीचे) आणि मानेवर तिरके चौकोन. शेरेटनच्या मानेवर शिंपल्याच्या पट्ट्या, त्यात त्रिकोण, हेडस्टॉकवर वेल काढलेली, ती लांबनंच ओळखू येते. ठिपके आणि ठोकळा म्हणजे डॉट, गिब्सनच्या १९५८ सालच्या थ्री थर्टी फाईव्हवरनं घेतलेली. तुमचे ते दोन डाग म्हणजे स्टॉप टेलपीसच्या (ब्रिजमागं बॉडीवरच बसवलेल्या तारांच्या पट्टीच्या) खुंट्यांची भोकं, कुणीतरी बुजवून ट्रॅपीझ लावलंय, कसिनोला ट्रॅपीझ असतं, म्हणूनच मालक फसलाय. गिब्सननं स्वतःच १९६५ ला थ्री थर्टी फाईव्हवर ट्रॅपीझ लावायला चालू केलं, त्यामुळं टेलपीस बघून नाव ठरवूच नये. पिकप पण कोणपण बदलतो. मान बदलत नाही, ती बघा. कसिनोत मान १६व्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) बॉडीला मिळते, डॉटमध्ये साधारण १९व्या. आवाजाचे आणि टोनचे नॉब किती आहेत? दोनच असले तर डॉट स्टुडिओ, मग तीस द्यायचे कारणच नाही.

शिट्टीचं म्हणाल तर ठोकळा त्यासाठीच असतो. पोकळ कसिनो मॉनिटरसमोर रडते, ही बरीच दम धरते.

खानापूरकर: लय उपकार झाले. नॉब चार आहेत, फोटोत मोजले. फ्रेट मोजायला रविवारी परत जातो, तुम्ही सांगितलेलं त्याला सांगितलं की तो पंचवीसवर येतोय काय बघू. भोकं बुजवल्याचं त्यानं सांगितलंच नव्हतं, विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकानं केलं असंल.

आणि एक राहिलं. आत कुणाचंतरी प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) पडलंय, हलवलं की खुळखुळतंय. ते कसं काढायचं?

निपाणीकर: एफ होल खाली करून डोक्यावर धरा आणि हळूहळू हलवा. अर्धा तास जातो. शिव्या द्यायच्या नाहीत.