ड्रॉइंगवरचा आरए टाकला की सिम्युलेशनमध्ये खडबडीतपणा आला का?

खडबडीत (धागाकर्ता)

काल 'मेशवाले' यांनी लिहिलं की घर्षण-झिजेच्या सिम्युलेशनमध्ये मोजलेला पृष्ठभाग घालणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. ड्रॉइंगवरचा आरए (खडबडीतपणाची सरासरी उंची, मायक्रॉनमध्ये) घ्या, उंच्या गॉसियन (घंटेच्या आकाराच्या आलेखासारख्या पसरलेल्या) धरा, घर्षणांक 0.12 द्या, झालं काम. हे वाचल्यापासून चैन नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कुठलंही प्रोफाइल (पृष्ठभागाच्या चढउताराची मोजलेली रेघ) घ्या आणि उलटं करा. शिखरांच्या जागी दऱ्या आल्या. आरए तोच राहतो, आरक्यूही (वर्गांवरून काढलेली सरासरी) तोच. पण एक पृष्ठभाग सील कुरतडतो आणि दुसरा तेल धरून ठेवतो. इंजिनाच्या लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) प्लॅटो होनिंग, म्हणजे शिखरं घासून सपाट करणं, आपण कशासाठी करतो मग?

दुसरं म्हणजे ग्रीनवुड-विल्यमसन यांचं खडबडीत पृष्ठभागांच्या संपर्काचं मॉडेल. 1966 च्या त्या मॉडेलबद्दल मला मनापासून आदर आहे. सगळी शिखरं एकाच त्रिज्येची, उंच्या गॉसियन, शेजारच्या शिखराचा काही परिणाम नाही, एवढंच धरून त्यांनी दाखवलं की खरं संपर्कक्षेत्र जवळजवळ भाराच्या प्रमाणात वाढतं. पण ती त्रिज्या मोजायला बसा. दर 10 मायक्रॉनला बिंदू घेतलात तर एक उत्तर येतं. दर 1 मायक्रॉनला घेतलात तर त्याच शिखरावर बारकी शिखरं दिसतात आणि त्रिज्या कितीतरी लहान निघते. उंचवट्यांवर उंचवटे, हे घर्षण-झिजेचा संशोधक आर्चर्ड याने 1957 मध्येच मांडलं होतं. मॉडेलला हवा असलेला आकडा मापनाच्या अंतरावर ठरत असेल, तर ते अंतर रिपोर्टात लिहायलाच हवं. मी पाहिलेल्या बहुतेक रिपोर्टांत ते नसतं.

आणि 0.12 तुम्हीच घातलात, तर सिम्युलेशनने घर्षण काढलं कुठे?

मेशवाले

पंधरा वर्षं एफईए (वस्तूचे बारीक तुकडे पाडून संगणकावर ताण काढणं) करतोय, उगाच बोललो नाही. 1 मिमी बाय 1 मिमीचा तुकडा अर्ध्या मायक्रॉनच्या जाळ्याने मेश करा. नुसत्या वरच्या थरात 40 लाख नोड (जाळ्याचे बिंदू) होतात. त्याखाली खोली आली, प्लास्टिसिटी (कायमचं दबणं) आली, वर सरकणंही आलं. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा असतो हो!

शिवाय आर्चर्डचंच 1953 चं सूत्र बघा. झीज म्हणजे के (चाचणीतून काढलेला झिजेचा गुणांक) गुणिले भार गुणिले अंतर, भागिले हार्डनेस. यात आरए कुठे आहे? शिखरं रनिंग-इनमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या घासण्यातच, जातात. जी पहिल्या काही तासांत जाणार ती मोजत बसायची कशाला?

प्रयोगशाळेतली

आरए त्या के मध्येच दडलाय. के हजारात एकपासून दहा कोटीत एकपर्यंत फिरतो. वंगण, धातूंची जोडी, खडबडीतपणा, सगळं त्या एका अक्षरात कोंबलेलं आहे. पिन-ऑन-डिस्कवर (फिरत्या चकतीवर पिन घासून झीज मोजायच्या यंत्रावर) एका फिनिशला काढलेला के तुम्ही दुसऱ्या फिनिशला लावता आणि मग चाचणीशी जुळत नाही म्हणून आमच्या प्रयोगशाळेला फोन करता.

40 लाखांचा बाऊ करू नका. प्रश्न लवचिक (दाब काढला की मूळ आकार परत येणाऱ्या) संपर्काचा असेल तर सगळा ठोकळा मेश करावाच लागत नाही. फक्त पृष्ठभागावर गणित करणारी बाउंड्री एलिमेंट पद्धत आणि एफएफटी (तरंगांत फोडून गणित झटपट करायची रीत) यांनी तो साध्या वर्कस्टेशनवर सुटतो. 2017 मध्ये म्यूझर आणि मंडळींनी एकच खडबडीत पृष्ठभाग सगळ्यांना देऊन निकाल ताडून पाहिले. सुट्या शिखरांची मॉडेलं, सगळ्या मापांचे उंचवटे एकत्र धरणारा पर्सनचा सिद्धान्त, थेट संगणन, सगळं त्यात होतं. प्रत्येकाला काही प्रश्नांची उत्तरं बरी आली, पण अचूकता सारखी नव्हती. साधारणपणे जितकी अचूक पद्धत तितकं गणित जड. हे मेशवाल्यांच्याही बाजूचं आहे, म्हणून सांगितलं.

भोसरी_जॉबवर्क

तुमचं चालू द्या, पण आरएचा विषय निघालाय तर माझंही ऐका. हायड्रॉलिक सिलिंडरचे 200 रॉड दिले. ड्रॉइंगवर आरए 0.4 कमाल, बाकी काही नाही. आमच्या टेस्टरवर 0.34 आला. गिऱ्हाईकाकडे 0.46. अख्खा लॉट परत, वर टेम्पोचं भाडं माझ्या माथी. आठ दिवस भांडलो. शेवटी त्यांच्याच क्यूसीतल्या (गुणवत्ता तपासणीतल्या) मुलाच्या लक्षात आलं की आमचा कट-ऑफ (याहून लांब लाटा आकड्यातून गाळायची मर्यादा) 0.25 मिमीवर होता आणि त्यांचा 0.8 वर. रॉड तोच, मशीन चांगलं, माणूस चांगला. वेव्हीनेस (लांब लाटांसारखा चढउतार) त्यांच्या आकड्यात शिरली, आमच्या नाही. ज्याने ड्रॉइंग काढलं तो कधी ग्राइंडिंगवर उभा राहिलाय का?

मेशवाले

वाईट वाटलं, पण यात ड्रॉइंगचा दोष नाही. 0.1 ते 2 मायक्रॉन आरए असेल तर कट-ऑफ 0.8, हे स्टँडर्डमध्येच आहे. न लिहिलं तरी तेच धरायचं. चूक तुमच्या टेस्टरच्या सेटिंगची.

भोसरी_जॉबवर्क

मान्य, सेटिंग माझं चुकलं. पण साहेब, स्टँडर्ड विकत घ्यावं लागतं आणि सहा माणसांच्या शॉपला ते कोणी आणून देत नाही. ड्रॉइंगवर 'कट-ऑफ 0.8' एवढं लिहायला शाई किती लागते? भुर्दंड मी भरला, तुम्ही नाही.

क्यूसी_कोल्हापूर

कट-ऑफचं सोडा, स्टायलसच्या (पृष्ठभागावर फिरणाऱ्या मोजणीच्या सुईच्या) टोकाचं बोला. 2 मायक्रॉन त्रिज्येचं टोक आणि 5 चं टोक एकाच लायनरवर फिरवा. होनिंगच्या अरुंद चरांत जाड टोक तळाला पोचतच नाही, दरी उथळ दिसते. टोक झिजलं की तसंच. आमच्याकडे मास्टर पीसवर (माहीत मापाच्या नमुन्यावर) रोज सकाळी तपासतात. किती शॉपमध्ये तपासतात?

भोसरी_जॉबवर्क

आमच्याकडे तपासतात. प्रत्येक वेळी शॉपवरच बोट का?

क्यूसी_कोल्हापूर

दादा, तुमच्यावर नव्हतं. गेल्या वर्षी आम्हीच झिजलेल्या टोकावर दोन आठवडे लायनर पास करत होतो, म्हणून कळकळीने लिहिलं.

प्रयोगशाळेतली

मेशवाले, हा वाद मूळ विषयाचाच आहे. 0.34 घेऊन पृष्ठभाग बनवला असता तर एक झिजेचा अंदाज, 0.46 घेऊन दुसरा, आणि रॉड मात्र एकच! लवचिक संपर्कात खरं क्षेत्र उतारावर ठरतं, आरएवर नाही. उतार तर सगळ्यात बारीक तरंगलांबीवर ठरतो, आणि क्यूसीचं जाड टोक नेमकी तीच खाऊन टाकतं.

खडबडीत

रनिंग-इनचं उत्तर राहिलं. शिखरं जातात हे खरं, पण दऱ्या राहतात आणि पुढची सगळी वर्षं तेल त्याच सांभाळतात. प्लॅटो होनिंगमध्ये आपण शिखरं मशीनवरच काढून टाकतो, म्हणजे रनिंग-इनचं बरंचसं काम आधीच उरकतो. म्हणून आरपीके (शिखरांची उंची) आणि आरव्हीके (दऱ्यांची खोली) वेगवेगळे मागायचे. जे जाणार आणि जे राहणार, दोन्ही एका सरासरीत कसं बसवणार?

मेशवाले

सील, लायनर, गळती, इथे नुसत्या आरएवर भागत नाही, एवढं मानतो. 'वेळ फुकट' हे शब्द मागे घेतो. बोल्टच्या सांध्याचा कडकपणा काढायला मात्र गॉसियन पुरतं, त्यावर मी ठाम आहे. 0.12 हा हँडबुकातला आकडा होता, तसं लिहायला हवं होतं.

भोसरीवाले, त्या रॉडचं कच्चं प्रोफाइल आहे का? फिल्टर न लावलेलं. दोन्ही कट-ऑफने चालवून इथे टाकतो.

भोसरी_जॉबवर्क

एक रॉड ठेवलाय अजून. सोमवारी मोजून पाठवतो. टोक 2 मायक्रॉनचं आहे, फाइलच्या नावातच लिहीन. आणि साहेब, तुमचं पुढचं ड्रॉइंग आमच्याकडे आलं तर त्यावर कट-ऑफ असू द्या.