रेकॉर्डरला ६३ क्रमांकाचा पत्ता का देता येत नाही?

तापीकाठ (सावदा)

नमस्कार मंडळी. आमच्या केळी पिकवण्याच्या केंद्रात कार्यालयातील संगणक, चेंबरचे तापमान सांभाळणारे कंट्रोलर आणि कॅमेरे हे सारे आजवर १९२.१६८.१०.० या एकाच नेटवर्कवर होते. गेल्या आठवड्यात मी राउटरच्या वेगवेगळ्या पोर्टांवर वेगळे स्विच लावले, मास्क (नेटवर्कचे भाग ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२ केला आणि पहिला भाग कॅमेऱ्यांना, तर दुसरा कार्यालयाला दिला. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला १९२.१६८.१०.६३ हा पत्ता देऊ लागलो, तर तो अवैध ठरला. ६४ देऊन पाहिला, तोही अवैध ठरला. ६२ मात्र लगेच चालला. ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्व यंत्रांना एकदम हाक मारण्याचा, पत्ता २५५ ने संपतो, असे मी पदविकेला असताना शिकलो होतो. मग ६३ आणि ६४ या साध्या आकड्यांत अडचण कोणती, हे कोणी मुळापासून समजावून सांगेल का?

भुसावळकर

भाऊ, दशमान आकड्यांकडे पाहून हे कळणार नाही, त्यासाठी बिट मांडून पाहावे लागतील. पत्ता ३२ बिटांचा असतो. मास्कमध्ये जिथे १ आहे तो भाग नेटवर्कचा आणि जिथे ० आहे तो यंत्राचा. तुमच्या मास्कमधील शेवटचा आकडा १९२, म्हणजे ११००००००. याचा अर्थ शेवटच्या आठ बिटांपैकी दोन नेटवर्ककडे गेले आणि सहा यंत्रांसाठी उरले. आता ६३ लिहा: ००११११११. यंत्राचे सहाही बिट १ आहेत, आणि असा पत्ता कोणा एका यंत्राचा नसून त्या सबनेटमधील (नेटवर्कच्या त्या भागातील) सर्वांचा मानायचा, हा नियम १९८४ सालच्या आरएफसी ९१९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) पासून चालत आला आहे. ६४ म्हणजे ०१००००००. तिथे यंत्राचे सगळे बिट ० आहेत, म्हणून तो दुसऱ्या सबनेटचा स्वतःचा पत्ता झाला. ६४ पत्त्यांच्या प्रत्येक गटात वापरण्याजोगे ६२ उरतात ते यामुळेच.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई ती शिवेच्या आतल्यांसाठी, शेजारच्या गावासाठी नव्हे. तुम्ही एका गावाची चार गावे केलीत, तेव्हा दवंडीचे पत्तेही चार झाले: ६३, १२७, १९१ आणि २५५. शिकवताना बहुधा एकच अखंड २५६ पत्त्यांचे नेटवर्क फळ्यावर मांडले जाते, म्हणून २५५ तेवढा मनात पक्का बसतो.

धुळ्याचा नेटवर्कवाला

वरील उत्तर बरोबर आहे. त्याची दुसरी बाजूही पाहून ठेवावी. मास्क २५५.२५५.२५४.० असेल, तर १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.११.२५५ पर्यंत एकच सबनेट होते. त्यात १९२.१६८.१०.२५५ आणि १९२.१६८.११.० हे दोन्ही पत्ते यंत्रांना देता येतात, कारण तिथे यंत्राचे नऊ बिट आहेत आणि ते सगळे एकसारखे नाहीत. मास्क माहीत नसताना नुसता पत्ता पाहून तो ब्रॉडकास्टचा आहे की नाही, हे सांगताच येत नाही. काही जुन्या पाठ्यपुस्तकांत पहिले आणि शेवटचे सबनेट वापरू नये असे लिहिलेले आढळते. ती प्रथा १९९५ सालच्या आरएफसी १८७८ ने कालबाह्य ठरवली आहे, तेव्हा चारही भाग निःशंकपणे वापरा.

तापीकाठ (सावदा)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. कागदावर बिट मांडले तेव्हा कुठे लख्ख दिसले. आता दोन गोष्टी उरल्या आहेत. कार्यालयातील ८० क्रमांकाच्या संगणकावरून रेकॉर्डर उघडत नाही, बाकी सर्व संगणकांवरून उघडतो. शिवाय कॅमेरे आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रामला कार्यालयातून आता एकही कॅमेरा सापडत नाही.

भुसावळकर

८० वर मास्क जुनाच, २५५.२५५.२५५.० असा राहिला आहे का ते आधी पाहा. तसे असेल, तर ६२ आपल्याच शिवेत आहे असे त्या संगणकाला वाटते. तो राउटरकडे न जाता, ६२ कोणाचा, अशी एआरपीची (पत्त्यावरून यंत्र शोधण्याच्या पद्धतीची) दवंडी थेट पिटतो. राउटर ती पलीकडे नेत नाही, आणि त्यावर प्रॉक्सी एआरपी (पलीकडच्या यंत्राच्या वतीने राउटरनेच उत्तर देण्याची सोय) चालू नसेल तर उत्तर कधीच येत नाही. मास्क दुरुस्त करा आणि गेटवे (बाहेर जाण्याचे दार) म्हणून राउटरचा कार्यालयाकडील पत्ता घाला.

शोधणारा असा प्रोग्राम बहुधा २५५.२५५.२५५.२५५ वर किंवा मल्टिकास्टने (ठरावीक गटालाच एकदम) हाक मारतो. पहिली हाक राउटर कधीच पुढे पाठवत नाही आणि मल्टिकास्टही वेगळी व्यवस्था केल्याशिवाय नेत नाही. ६३ वर हाक पाठवून पाहण्याचा मोह होईल, पण दुसऱ्या सबनेटमधून आलेला असा ब्रॉडकास्ट राउटरने मुळात बंदच ठेवावा, असे १९९९ सालच्या आरएफसी २६४४ ने ठरवले. एका पाकिटाला शेकडो यंत्रांनी उत्तरे द्यावीत आणि त्या भाराने तिसऱ्याचेच नेटवर्क कोलमडावे, असे हल्ले त्या काळी होत होते. ती सोय उघडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रोग्राममध्ये कॅमेऱ्यांचे पत्ते एकदा हाताने भरा.

तापीकाठ (सावदा)

८० वर मास्क जुनाच निघाला. बदलताच रेकॉर्डर उघडला. कॅमेऱ्यांचे पत्ते आज संध्याकाळी भरतो.