फायली एकत्र केल्या, पुढे?

गुणवत्ता, पर्यावरण आणि कामगारांची सुरक्षा या तीन व्यवस्थापन पद्धतींची मॅन्युअल एका फायलीत घातली की एकत्रीकरण झालं, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. आयएसओ ९००१ (गुणवत्ता, २०१५), १४००१ (पर्यावरण, २०१५) आणि ४५००१ (कामगारांची सुरक्षा व आरोग्य, २०१८) या मानकांचा १० कलमांचा सांगाडा सारखाच आहे, त्यामुळे अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा खुशाल एकत्र करा. खरी कसोटी बदलाच्या वेळी लागते. पेंटशॉपमध्ये फिनिश सुधारावा म्हणून क्वालिटी विभागाने थिनर बदलला, तर आगीचा धोका, कामगारांच्या श्वासात जाणारी वाफ आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाट यांचा विचार बदलाच्या एकाच फॉर्मवर, बदलाआधी व्हायला हवा. आणि हो, ४५००१ मधलं कलम ५.४, म्हणजे कामगारांचा सल्ला व सहभाग, ९००१ मध्ये नाही. एकत्र करताना बऱ्याचदा नेमकं तेच गळतं. स्प्रेगन धरणाऱ्यालाही बदल ठरवणाऱ्या बैठकीत बसवा.