इंग्लंडमधली वहिवाटीची पायवाट मालकाने बंद केली तर?

रानवाट: १९३२ साली फिरण्याच्या हक्कासाठी लोक किंडर स्काउट या खासगी मालकीच्या डोंगरावर घुसले, २००० साली मोकळ्या फिरण्याचा कायदा आला. तरीही इंग्लंडमध्ये शेतातली जुनी वाट मालक कुलूप लावून बंद करू शकतो, ते कसं? स्कॉटलंडमध्ये म्हणे कुठूनही चालता येतं. आणि बंद केलेली वाट उघडून घ्यायची तर नेमकं काय करायचं?

कातळकडा: २००० चा कायदा फक्त डोंगर, मूर (उंचावरची उघडी माळरानं), हीथ (झुडपी माळ), डाउन (गवताळ टेकड्या) आणि नोंदणी झालेली गायरानं यांनाच लागू आहे. इंग्लंडची जेमतेम ८ टक्के जमीन. शेतं, नदीकाठ, बहुतेक जंगलं बाहेरच. आत शिरलात तरी फक्त पायी. सायकल, घोडा, तंबू चालत नाही. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा २ मीटरच्या दोरीला बांधलेला हवा. काही तुकड्यांवर तर फिरायचा हक्क आहे, पण तिथवर पोचायला हक्काची वाटच नाही!

याचं मूळ चळवळीच्या मागणीत आहे. मँचेस्टर-शेफील्डच्या कामगारांना हवी होती ती गिरण्यांच्या धुरापलीकडची उघडी माळरानं, जी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली होती. २४ एप्रिल १९३२ नंतर पाच जण तुरुंगात गेले, पण नुसतं घुसणं हा तेव्हाही दिवाणी मामला. त्यामुळे दंगल, चिथावणी, मारहाण अशी कलमं लावून २ ते ६ महिन्यांची कैद दिली. मागणी माळांची होती, ७० वर्षांनी मिळाले तेही माळच.

मोजणीदार: शेतातल्या वाटेचा मार्ग वेगळा. आधी कौंटी कौन्सिलचा अधिकृत नकाशा बघा (हे नकाशे १९४९ च्या कायद्याने सुरू झाले). वाट त्यात असेल तर अर्जफाटे नकोत, अडथळ्याची तक्रार करा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काची वाट. काळ्या तुटक रेघा म्हणजे जमिनीवर वाट दिसते एवढंच; निम्मे लोक इथेच फसतात.

नकाशात नसेल तर १९८१ च्या कायद्याखाली दुरुस्तीचा अर्ज. आधार १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१: सलग २० वर्षांची वहिवाट, जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही, परवानगीने नाही. वर्षं आजपासून नाही, हक्काला पहिल्यांदा हरकत आली तिथून मागे मोजायची. कुलूप २०२१ ला लागलं तर २००१ ते २०२१. एकाच माणसाने २० वर्षं चाललेलं असायला हवं असं नाही. अनेकांच्या साक्षी जोडून सलग काळ भरला की पुरे.

अर्जासोबत किमान १:२५,००० चा नकाशा, साक्षींचे फॉर्म आणि जुन्या कागदांच्या प्रती (टाइद नकाशे म्हणजे चर्चच्या जुन्या जमीनकराचे नकाशे, एन्क्लोजर अवॉर्ड म्हणजे सामाईक जमिनी कुंपण घालून वाटल्याचे निवाडे). जमीनमालकाला नोटीस तुम्हीच द्यायची आणि ती दिल्याचा दाखला कौन्सिलला द्यायचा. १२ महिन्यांत निर्णय नाही आला तर मंत्र्यांकडे दाद मागता येते. कौन्सिलांकडे ढीग साचलाय, त्यामुळे बहुधा मागावीच लागते.

कातळकडा: एक भर. अर्जाआधी कौन्सिलची कलम ३१(६) ची नोंदवही उघडा. मालकाने तिथे ‘आणखी वाटा मान्य नाहीत’ असं निवेदन रीतसर दिलं असेल, तर त्या तारखेपुढची वहिवाट धरली जात नाही. ‘मालकाच्या परवानगीने’ अशा पाटीनेही तेच होतं. शेतमजुरांची ये-जाही साक्षीत घालू नका, ती परवानगीचीच ठरते.

रानवाट: आणि स्कॉटलंड?

मोजणीदार: तिथे २००३ च्या कायद्याने गणित उलटं आहे: हक्क जवळपास सगळीकडे, अट वागणुकीची. पायी, सायकल, घोडा, होडी, साधा तंबू, सगळं चालतं. घराभोवतीचं आवार, उभं पीक, मोटारगाडी अशा काही गोष्टी वगळल्या आहेत. तरी ‘कुठेही’ म्हणू नका. लॉख लोमंड या सरोवराच्या काही काठांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर तंबूला परवाना लागतो. इंग्लंडमध्ये तंबूचा असा हक्क नैऋत्येकडच्या डार्टमूर माळरानातल्या गायरानांवर आहे, तोही १९८५ च्या स्थानिक कायद्यामुळे. तो टिकवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं; मे २०२५ मध्ये निकाल हक्काच्या बाजूने लागला.