आरएसएस रीडर : वर्तमानपत्राचं मुख्य फीड आधी काढून टाका

अर्धविराम

आरएसएस रीडर म्हणजे आपण निवडलेल्या साइटचे नवे लेख एका जागी आणून देणारं ॲप. त्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते : पहिले चार दिवस मजा वाटते, पाचव्या दिवशी न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो आणि मग ते ॲप उघडायचीच धास्ती बसते. दोष रीडरच्या माथी मारला जातो. माझ्या मते चूक होते ती पहिल्या पाच मिनिटांत. बहुतेक जण सुरुवात मोठ्या वर्तमानपत्राच्या मुख्य फीडने (फीड म्हणजे साइटने रीडरसाठी ठेवलेली ताज्या लेखांची यादी) करतात, आणि तिथेच बिनसतं.

हिशेब बघा. फीड हा संग्रह नसतो, ती एक छोटी खिडकी असते. वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर चालणाऱ्या साइटच्या फीडमध्ये, कोणी सेटिंग बदललं नसेल तर, शेवटचे १० लेख असतात. दिवसाला १२० बातम्या टाकणारी साइट म्हणजे तासाला सरासरी ५. म्हणजे खिडकी जेमतेम २ तासांची. रीडर ६ तासांनी एकदा डोकावत असेल तर तेवढ्यात आलेल्या ३० पैकी २० बातम्या त्याला दिसणारच नाहीत. ढीग साचतो तो साचतोच, वर तो अर्धवटही असतो! त्यात एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर चार पत्रांतून चार वेगळ्या मथळ्यांनी येतो. लिंक वेगळी, आतला ओळखक्रमांक वेगळा, त्यामुळे रीडर त्या चार बातम्याच मानतो.

रीडर खऱ्या कामाचा आहे तो कमी आणि अनियमित लिहिणाऱ्यांसाठी. महिन्यातून दोनदा लिहिणारा एखादा अभ्यासक, रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं, गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रकल्पांच्या नव्या आवृत्त्या (रिलीजच्या पानाला ॲटम फीड असतं, ते आरएसएससारखंच चालतं). अशा ठिकाणी रोज फेरी मारणं परवडत नाही आणि फेरी चुकली तर नेमकं हवं ते निसटतं. बातम्यांसाठी दिवसातून दोनदा साइट उघडा, नाहीतर सरळ कागदाचा पेपर लावा.

मत मांडलं आहे. झोडा.

चहाटळ

शीर्षक वाचून शाखेवरचा धागा समजून आलो होतो. आलोच आहे तर विचारतो : मराठी साइटच्या शोधखिडकीत 'आरएसएस' टाकलं की संघाच्या बातम्या येतात, फीड येत नाही. मग ते सापडतं कसं?

टपालपेटी

@चहाटळ, शोधूच नका. साइटचा साधा पत्ता उचलून रीडरच्या 'नवीन फीड' चौकटीत चिकटवा. पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात फीडचा पत्ता दिलेला असेल तर रीडर तो आपणहून ओळखतो. नाही ओळखला तर पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. वर्डप्रेस असेल तर बहुधा तिथे मिळतं. यूट्यूब चॅनेलचं पानही असंच चिकटवता येतं, फक्त त्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओच असतात.

@अर्धविराम, मुख्य फीड काढा इथपर्यंत सहमत. पण तिथून थेट 'बातम्यांसाठी रीडर नकोच' ही उडी कशी मारलीत? मधली पायरी विभागाच्या फीडची आहे. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक विभागाला, प्रत्येक टॅगला, प्रत्येक लेखकाला स्वतंत्र फीड असतं : त्या पानाच्या पत्त्यापुढे तेच 'फीड'. सगळा पेपर घेण्याऐवजी जिल्ह्याचं पान, शेतीचं पान आणि एक आवडता स्तंभलेखक एवढंच घ्या. १२० चे १५ होतात आणि खिडकी दोन तासांऐवजी १६ तासांची होते. तुमचाच हिशेब, तुमच्याच विरुद्ध.

याच्यापुढची पायरी गूगल न्यूजची. तिथल्या शोधाचंही फीड मिळतं, पत्त्यात भाषा मराठी आणि देश भारत द्यायचा. एका वेळी शंभरापर्यंत नोंदी येतात, त्यामुळे खिडकीची कटकट कमी. दोन अडचणी मात्र आहेत. नोंदीत मथळा आणि पत्राचं नाव याखेरीज काही नसतं, आणि लिंक गूगलमार्गे फिरून जाते म्हणून रीडरची 'पूर्ण मजकूर आणा' सोय तिथे गंडते. गूगल या सोयीची जाहिरात करत नाही, तेव्हा सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

दिवसातून दोनदा साइट उघडा म्हणता, पण साइटच्या पहिल्या पानावर वर काय येणार हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. रीडरमध्ये क्रम वेळेचा. पैसे देऊन रांगेत घुसता येत नाही.

अर्धविराम

विभागाच्या फीडचा मुद्दा घेतो. पण १५ गुणिले आठ साइट म्हणजे पुन्हा १२०च. मग लोक शब्दांची गाळणी, म्हणजे दिलेला शब्द असलेल्याच बातम्या निवडायची रीडरची सोय, लावायला जातात आणि मराठीत ती गाळणी चालत नाही. 'पाऊस' लावा : 'पावसाने झोडपले', 'पावसाचा इशारा', 'पावसात घट' यातलं एकही सापडत नाही, कारण मथळ्यात शब्द मूळ रूपात क्वचितच असतो. 'पुणे' लावलं तर 'पुण्यात' सुटतं. मग 'पुण्य' लावावं तर महाराष्ट्रातल्या यच्चयावत पुण्यतिथ्या रीडरमध्ये हजर. इंग्रजीसाठी बनवलेली सोय आहे ती.

काना मात्रा

गाळणी मराठीतही चालते, फक्त शब्द कुठे तोडायचा ते कळलं पाहिजे. मूळ रूप आणि सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं होणारं रूप) दोन्ही द्यायची. पावसासाठी 'पाऊस' आणि 'पावसा'. नुसतं 'पावस' दिलं तर रत्नागिरीजवळचं पावस गावही येईल. 'पावसा'मध्ये विधिमंडळाचं 'पावसाळी अधिवेशन' घुसतं, म्हणून 'अधिवेशन' वगळणीत टाका. पुण्यासाठी 'पुणे', 'पुण्यात', 'पुण्याच', 'पुण्याहून' अशी चार टोकं पुरतात आणि पुण्यतिथी बाहेर राहते. (श्राद्धपक्षात 'पुण्याचे काम' येईल, तेवढं सोसा.)

याहून चिवट भानगड 'शेतकऱ्यांना'ची आहे. तो अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो : एक, नुक्तावाल्या ऱ चा पाय मोडून, दुसरा, साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, गाळणीला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एका पत्राच्या बातम्या सापडतात आणि दुसऱ्याच्या सापडत नाहीत, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. उपाय सोपा : भांडणाच्या अक्षराआधीच शब्द तोडा. 'शेतक' द्या. शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकी सगळे येतात.

गाळणी मथळ्यावरच ठेवा, मजकुरावर नको. मजकुराखालच्या 'हेही वाचा' या ओळींमुळे भलत्याच बातम्या पकडल्या जातात.

रॅकखालचा उंदीर

साइट चालवणाऱ्यांच्या बाजूने थोडं, कारण 'फीड बिघडलंय' या तक्रारीमागे ठरावीक चार-पाच कारणंच असतात.

फीड अचानक बंद पडून दोन-अडीच तासांत आपोआप सुरू झालं, तर बहुधा एखाद्या मथळ्यात अँडचं चिन्ह (&) उघडं राहिलेलं असतं. वेबपानावर ते चालून जातं, फीड ज्या एक्सएमएल भाषेत लिहितात तिच्यात नाही. तेवढ्या एका चिन्हापायी कडक रीडर अख्खं फीड नाकारतो. अर्धविराम म्हणतात त्या खिडकीतून ती बातमी बाहेर सरकली की फीड जिवंत! कायमचं बंद असेल तर पहिल्या ओळीच्या आधी एखादी रिकामी ओळ आली आहे का ते बघावं. थीम किंवा प्लगइनच्या फाइलमध्ये शेवटी राहिलेल्या ओळीमुळे हे होतं.

तीच बातमी दोनदा दिसते कारण ओळखक्रमांक बदलतो. वर्डप्रेस तो लेखाच्या अंतर्गत आकड्यावरून बनवतं, म्हणून मथळा सुधारला तरी फरक पडत नाही. घरगुती बनावटीच्या पुष्कळ यंत्रणा लिंकलाच ओळख मानतात. उपसंपादकाने मथळ्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं, लिंक बदलली, की रीडरच्या दृष्टीने ती ताजी बातमी.

तारखेचंही तसंच. आरएसएसच्या तारखेत महिन्याचं नाव इंग्रजीच लागतं. तिथे 'जुलै' किंवा देवनागरी आकडे छापले गेले तर रीडरला तारीख कळत नाही आणि तो स्वतःची वेळ लावून मोकळा होतो. भारतीय वेळ छापून पुढे शिक्का ग्रिनिचचा मारला असेल तर बातमी साडेपाच तास भविष्यातली ठरते आणि तेवढा वेळ यादीच्या डोक्यावर बसून राहते.

आणि अर्धवट मजकुराबद्दल. फीडमध्ये पूर्ण लेख दिला तर जाहिरातीचं पान कोणी उघडतच नाही, म्हणून दोन ओळी देऊन लिंक दिली जाते. यात लबाडी नाही, तो धंद्याचा हिशेब आहे. दुसरा हिशेब भाराचा : ३०० केबीचं फीड दर १५ मिनिटांनी उचललं तर दिवसाला ९६ वेळा, म्हणजे एका रीडरमागे २८ एमबीच्या वर. नीट लिहिलेला रीडर 'मागच्या वेळेपासून काही बदललंय का' असं विचारतो आणि सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो, मजकूर पाठवतच नाही. न विचारता उचलणाऱ्यांना मग ४२९ मिळतं, म्हणजे 'जरा दमानं'. स्वतःच्या सर्व्हरवर फ्रेशआरएसएस किंवा मिनीफ्लक्ससारखा रीडर चालवणाऱ्यांनो, बातम्यांना अर्धा तास आणि बाकी फीडना ४ तास पुरे आहेत.

४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', येत असेल आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर मध्ये बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) अडवणारी भिंत आहे. ती आधी जावास्क्रिप्ट चालवून दाखवा म्हणते, रीडरला ते येत नाही. हे फक्त साइटवालाच दुरुस्त करू शकतो : फीडचा पत्ता त्या तपासणीतून वगळायचा. एक मेल टाका, पुष्कळदा त्यांना हे माहीतच नसतं.

जुनं खोड

एवढं वाचूनच दमलो. बातमी वाचायला सामान्यरूप, ३०४, ४०३ कशाला शिकायचं? गूगलने आपला रीडर १ जुलै २०१३ ला बंद केला. फायरफॉक्सने २०१८ च्या डिसेंबरात, ६४ व्या आवृत्तीत, फीडची सोय काढली. ज्यात कुणाला पैसा दिसत नाही ते टिकत नाही. व्हॉट्सॲपवर पत्रांची चॅनेलं आहेत, एकदा बोट लावलं की झालं. माझ्यासारख्या माणसाला दिवसाकाठी दहा मथळे पुरतात.

टपालपेटी

@जुनं खोड, गूगल रीडर गेला तेव्हा लोकांनी आपली यादी फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेली. त्या फाइलला ओपीएमएल म्हणतात, आजही प्रत्येक धडका रीडर ती देतो आणि घेतो. दुकान बंद पडलं तरी उधारीची वही आपल्याच हातात राहते. व्हॉट्सॲपवरच्या चॅनेलांची यादी अशी उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन दाखवा. आणि मेलेली म्हणता त्याच आरएसएसवर पॉडकास्टचा बहुतेक डोलारा उभा आहे.

शिकायलाही काही लागत नाही. फीडली या ऑनलाइन रीडरमध्ये फुकट १०० फीड बसतात, इनोरीडर या दुसऱ्यात १५०. दहा मथळेच हवे असतील तर तीन विभाग टाका नि विसरा. तीन महिन्यांनी एकदा ओपीएमएल उतरवून स्वतःला मेल करून ठेवा, एवढं पथ्य पुरे.

सुईदोरा

संगणक नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे. फुकट, खातं न उघडता आणि जाहिरातीशिवाय काय चालेल?

रॅकखालचा उंदीर

'फीडर' नावाचं मुक्तस्रोत ॲप आहे, खातं लागत नाही. मात्र अशा ॲपमध्ये फीड तुमचा फोनच उचलतो, मागे सर्व्हर नाही. अँड्रॉइड पार्श्वभूमीतल्या अशा नियमित कामाला १५ मिनिटांपेक्षा जवळचा वेळ देतच नाही, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात पुष्कळ फोन तेही रोखतात. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरती बॅटरीची बंधनं काढा. तरी रात्री ११ ते सकाळी ६ फोन बंद असेल तर तासाला ५ बातम्यांच्या साइटवर ३५ येऊन जातील आणि सकाळी हाती १० लागतील. अशा साइटचं मुख्य फीड फोनवरच्या रीडरमध्ये खरंच टाकू नका, इथे अर्धविराम बरोबर आहेत. अंक निघेल तसं लिहिणारी साप्ताहिकं, ब्लॉग, विभाग यांना काही होत नाही.

अर्धविराम

माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. विभागाची फीडं चालतील, पण दिवसाला २० च्या वर नोंदी देणारं प्रत्येक फीड वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर रोज रात्री न वाचता 'सगळं वाचलं' करून रिकामं करायचं. संथ फीडांच्या शेजारी त्यांना बसवलं की महिन्यातून दोनदा लिहिणारा गाडला जातो. रीडर घेतला होता तो त्याच्यासाठी. मुख्य फीडबद्दल मात्र तसूभरही हटत नाही.

टपालपेटी

रोज रात्री रिकामं कशाला? गाळणीत सापडलेल्यांना तारा लावून बाजूला ठेवा आणि उरलेलं पुसा. इनोरीडरमध्ये यासाठी पैसे भरावे लागतील, फ्रेशआरएसएसमध्ये नाही.

चहाटळ

काना मात्रा, शेवटची शंका. आरएसएसवर आरएसएसच्या बातम्या नको असतील तर वगळणीत 'संघ' टाकून भागेल का? की क्रिकेटचा संघही जाईल?

काना मात्रा

जाईल. शेतकरी संघटनाही जाईल, आणि मराठी मथळ्यांतला सगळा 'संघर्ष'सुद्धा.