'सक्सेशन'ला मराठीत काय म्हणाल?

करवंदी: पश्चिम घाटात पड टाकलेल्या जमिनींवर पुन्हा जंगल कसं येतं, यावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतेय. 'सक्सेशन' पानोपानी आहे. पाठ्यपुस्तकातला 'अनुक्रमण' घेतला, तर मजकूर वाचणाऱ्या दोघांनी शीर्षक वाचलं 'पडीक जमिनीवरील अतिक्रमण'. एकाने तर विचारलं, कुणी केलं? इंग्रजीत 'सक्सेशन'चा दुसरा अर्थ वारसाहक्क, म्हणून मग 'उत्तराधिकार' करून पाहिला, तर म्हणाले हे तलाठ्याचं काम दिसतंय. वरकस जमिनीत काही वर्षं नाचणी-वरी घेऊन ती सोडली की आधी गवत, मग घाणेरी नि करवंदाच्या जाळ्या, पुढे कधीतरी ऐन-किंजळासारखी मोठी झाडं. या टप्प्याटप्प्याच्या बदलाला बोलीतला शब्द आहे का कुणाकडे?

तिरकमठा: अनुक्रमण म्हटलं की मला अनुक्रमणिका आठवते, पान क्रमांकासकट. 'वनपालट' करा. मंत्रिमंडळात खांदेपालट चालतो, मग रानात का नको?

करवंदी: छान आहे, पण शेतकरी 'पिकांची फेरपालट' म्हणतो तेव्हा भातानंतर कडधान्य आणि पुन्हा भात असा फेरा असतो. इथे करवंदाची पाळी परत येईलच असं नाही.

कातळकर: आमच्याकडे वेगळा शब्दच नाही. 'पड टाकली, रान झालं', संपलं. पण 'वारसा' मात्र नको, कारण इथे सगळं उलट आहे. वारसाहक्कात मिळकत तीच राहते नि मालक बदलतो. कातळावर आधी दगडफूल येतं, त्याच्या जिवावर चिमूटभर माती धरते, त्या मातीत शेवाळं, मग गवत. गवताच्या आडोशाने झुडूप येतं आणि शेवटी झुडपाच्या सावलीत गवतच मरतं. म्हणजे मिळकतही बदलली आणि आधीच्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं बस्तान उठवलं.

तिरकमठा: म्हणजे मुलांना शिकवून परदेशी धाडणारे आईबापच की.

शुद्धमती: मुळात 'वारसा' अरबी. आपल्याकडे 'दाय', म्हणजे वारशाने मिळणारी मालमत्ता, हा शब्द असताना उसनवारी कशाला? याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत दायविभागाचं अख्खं प्रकरण आहे, जीमूतवाहनाच्या ग्रंथाचं नावच 'दायभाग'. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो याच जाणिवेतून.

दप्तरदार: कोश झाला, पण दप्तरातले फारसी शब्द काही हटले नाहीत. 'दाय' व्यवहारातून गेला, मागे उरला 'दायाद', म्हणजे वाटेकरी भाऊबंद, तोही भांडणापुरता. बाकी 'वारस' आणि 'मिरास' एकाच अरबी धातूचे. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणारा. आता हाही शब्द हद्दपार करणार का?

नानाकाका: माझ्या मते 'वारसा' हा 'वार'वरून आला. वार म्हणजे पाळी. बापाची पाळी झाली, आता मुलाची.

दप्तरदार: काका, ऐकायला गोड आहे, पण नाही.

नानाकाका: अहो, दोन्ही असू शकतं!

मोडीप्रेमी: इतिहासात 'वारसा' म्हणून मिटवून टाकलेल्या प्रत्येक भांडणात मुद्दा वेगळा होता. १७०७ मध्ये शाहू सुटून आले, तेव्हा ताराबाईंचं म्हणणं होतं की संभाजीराजांचं राज्य गेलं, हे राजारामांनी नव्याने उभं केलेलं, म्हणून ते माझ्या मुलाचं. म्हणजे वाद वारस कोण एवढाच नव्हता, वारसाने घ्यायचं ते राज्य तेच उरलं आहे का, हाही होता. खेडची लढाई झाली तरी तंटा पूर्ण मिटला नाही, वारणेचा तह १७३१ चा. आणि १८४८ मध्ये साताऱ्याला इंग्रजांनी दत्तकच नामंजूर केला. तिथे वारस होता, मान्यता नव्हती.

शुद्धमती: मठात मात्र वारस म्हणत नाहीत, तिथे 'गादी' आणि 'परंपरा'. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, पण नाथपंथात ते गुरू म्हणून आधी. रक्ताचं नातं असूनही क्रम ठरतो दीक्षेने.

करवंदी: हे सगळं फार आवडलं, पण माझं पुस्तक…

वकिलीणबाई: अधिकृत मराठीत 'हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६', कोर्टाबाहेर सगळे म्हणतात वारसा कायदा. खरा घोळ दाखल्यांचा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली मिळतं ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी. वारस दाखला वेगळा, तो मुंबईच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालचा. सातबाऱ्यावर नाव चढवायची वारस नोंद त्याहून वेगळी. लोक तिन्हींना 'वारसाचा कागद' म्हणतात आणि चुकीच्या दारात उभे राहतात.

कातळकर: यापेक्षा कातळ सोपा.

नानाकाका: बाई, ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. म्हणजे वारस मीच ना?

वकिलीणबाई: नाही. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे, ते वारसांच्या वतीने. मालकी कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

नानाकाका: धाकट्या भावाला हे कळलं तर घरात राहणं कठीण होईल.

दप्तरदार: मृत्युपत्र केलं होतं का वडिलांनी? साक्षीदार दोन हवेत, आणि त्या साक्षीदारांनी वडिलांना सही करताना पाहिलेलं किंवा सही आपलीच असल्याची कबुली वडिलांकडून मिळालेली हवी.

नानाकाका: सांगत होते, केलंय म्हणून. कपाटाची चावी वहिनीकडे आहे.